पंखे फिरले, पडदा काळाच

चालता चालता बंद पडलेल्या यंत्राचा माणसाला राग येतो. पण ज्याने अजून एकदाही डोळे उघडलेले नाहीत, अशा नव्याकोऱ्या यंत्रासमोर तो घाबरून जातो. मिक्सर बिघडला तर कालपर्यंत तो नीट चालत होता, एवढा तरी आधार असतो. सुटे भाग आणून घरीच जोडलेल्या कॉम्प्युटरच्या बाबतीत तोही नसतो. प्रत्येक भाग नवा, म्हणून प्रत्येकावर संशय. आणि जोडणारे हातही नवखेच.

भिलाईच्या स्मृतीनगरातल्या एका मराठी घरावर एका हिवाळ्यात, शनिवारच्या रात्री अशीच पाळी आली. घरात चार माणसे. आजोबा सत्तरीला टेकलेले. त्यांना सगळे आबा म्हणतात. मुलगा बँकेत, सून शाळेत शिक्षिका आणि नातू इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला. नातवाला कॉम्प्युटर हवा होता तो ड्रॉइंगसाठी, प्रोग्रामिंगसाठी आणि, हे जरा हळू आवाजात, खेळांसाठी. त्याने वर्षभर शेजारच्या मुलांना गणित शिकवून अठरा हजार रुपये साठवले होते. उरलेले वडिलांनी घातले. पण मनापासून नाही. त्यांचे म्हणणे, तयार लॅपटॉप घ्यावा. बिघडला तर एकाच माणसाला धरता येते. मुलाचे म्हणणे, तेवढ्याच पैशांत सुट्या भागांची मशीन जास्त ताकदीची होते आणि पुढे हवा तो भाग बदलता येतो. दोघांचेही खरे होते, म्हणूनच तो वाद महिनाभर चालला.

खोकी एकेक करून येत गेली. मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरीच्या दोन पट्ट्या, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, कॅबिनेट. शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून मुलाने सगळे जोडले. रात्री दहाच्या सुमारास बटण दाबले. पंखे फिरले, कॅबिनेटमध्ये लाल-निळे दिवे पेटले. सुनेने कौतुकाने "अगं बाई!" म्हटले. आणि मॉनिटरवर "नो सिग्नल" एवढीच अक्षरे येऊन तो झोपी गेला.

पुढच्या तीन तासांत त्या मुलाने काय काय केले नाही! मोबाईलवर एकामागून एक व्हिडिओ पाहिले. प्रत्येकात वेगळा उपाय. एकाने सांगितले, केबल बदला. त्याने ती कार्डातून काढून मदरबोर्डाला लावली. दुसऱ्याने सांगितले, मेमरी काढून घाला. ती काढली, जागा बदलून घातली. तिसऱ्याने सांगितले, बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काढून पाच मिनिटांनी लावा, तेही केले. ग्राफिक्स कार्ड काढले, परत बसवले. प्रोसेसरवरचा पंखा दोनदा उतरवला, खालचा प्रोसेसर दोनदा उचलून पाहिला. पडदा काळाच. एक वाजता वडील उठून आले, काही बोलले नाहीत आणि मोबाईलवर मदरबोर्ड परत करण्याचा फॉर्म भरू लागले. परतीच्या मुदतीचे दोनच दिवस उरले होते. ते काही बोलले नाहीत, हेच मुलाला जास्त लागले.

इथे आबांविषयी थोडे सांगायला हवे. ते मूळचे गोंदियाकडचे. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर नागपूर, भंडारा, गोंदिया आणि मग दुर्ग, भिलाई, अशी ही गावे एका दोऱ्यात ओवलेली आहेत. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होती आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यानंतर तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी, उडिया अशी सगळ्या देशातली माणसे इथे आली, विदर्भातलीही आली. आबा १९७८ मध्ये आले आणि कारखान्याच्या रेल अँड स्ट्रक्चरल मिलमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला लागले. देशभर ज्या रुळांवरून गाड्या धावतात, ते रूळ जिथे लाटले जातात ती ही मिल. २०१६ मध्ये ते निवृत्त झाले. तेव्हापासून घरातला पंखा किंवा गीझर सोडला तर त्यांना कोणी काही विचारत नसे. कॉम्प्युटर हा आपला प्रांत नाही, असे तेही धरून चालले होते.

रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन ते नातवाच्या खोलीत डोकावले.

"काऊन रे, रात्रभर लाइट चालू होता तुझा?"

मुलाने सांगितले. आबांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच गोष्ट विचारली. "काय काय केलं ते सांग. ज्या क्रमानं केलं त्या क्रमानं."

मुलाला सांगता येईना. मेमरी आधी काढली की केबल आधी बदलली? कार्ड काढले तेव्हा केबल कुठे होती? रात्रीचे ते तीन तास डोक्यात एकात एक मिसळून गेले होते.

आबा उठले आणि कपाटातून जाड पुठ्ठ्याचे एक जुने रजिस्टर घेऊन आले. अर्धे कोरे होते. मिलमध्ये दर पाळीला असे रजिस्टर भरावे लागे. काय बिघडले, कशाला हात लावला, काय तसेच सोडले, हे लिहिल्याशिवाय पुढच्या पाळीच्या माणसाला काम ताब्यात देता येत नसे. न लिहिता केलेली दुरुस्ती म्हणजे पुढच्या माणसासाठी लावलेला सापळा, असे त्यांचे त्या काळचे फोरमन म्हणत.

"आजपासून एका वेळी एकच गोष्ट बदलायची," आबा म्हणाले. "आणि लिहायची."

"पण आबा, पंखे तर फिरतात ना!"

"पंखे फिरतात म्हणजे करंट येते, एवढंच. मोटर फिरली म्हणजे मिल चालू झाली, असं आम्ही कधी म्हटलं नाही, बेटा. आता मला हे सांग, पडद्यावर चित्र यायच्या आधी ही मशीन काय काय करते?"

हा प्रश्न रात्रीच्या एकाही व्हिडिओत नव्हता. मुलाने पहिल्यांदाच मदरबोर्डाबरोबर आलेली पुस्तिका उघडली. बटण दाबल्यावर आधी वीज ठीक आहे का ते पाहिले जाते. मग प्रोसेसर जागा होतो. तो मेमरी तपासतो. मेमरी सापडली तर ग्राफिक्स कार्ड शोधतो, आणि ते सापडल्यावर कुठे चित्र उमटते. कॉम्प्युटरची ही सकाळची हजेरी फार जुनी आहे. आयबीएमने १९८१ मध्ये पहिला पर्सनल कॉम्प्युटर काढला तोही हेच करीत असे. सारे ठीक असले की एकदा छोटासा "बीप" वाजवी, आणि चित्राच्या भागात गडबड असली तर एक लांब आणि दोन आखूड. पडदा काळा असतानाही यंत्राला बोलता यावे, म्हणून ती सोय. आज बऱ्याच नव्या कॅबिनेटांत तो छोटा भोंगाच नसतो. मात्र अनेक बोर्डांवर त्याच्या जागी चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, मेमरी, डिस्प्ले आणि बूट. हजेरी जिथे अडते, तिथला दिवा पेटून राहतो.

"म्हणजे पडदा हा शेवटच्या गेटवरचा माणूस," आबा म्हणाले. "रूळ बाहेर आला नाही तर गेटवाल्याला काय विचारायचं? मागं जायचं. तुझ्या बोर्डाला आहेत का ते दिवे?"

होते. रात्रभर होते. पण सगळ्या कॅबिनेटमध्ये लाल-निळी रोषणाई चाललेली. त्यात कोपऱ्यातला हरभऱ्याच्या डाळीएवढाही नसलेला पिवळा ठिपका मुलाने सजावटीतच जमा केला होता. कॉम्प्युटरला लग्नाच्या मांडवासारखे सजवण्याची ही हौस कोणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे! आबांनी आधी त्या रोषणाईची वायर काढायला लावली. खोलीचा पडदा ओढला, बटण दाबले. अंधारात एकच दिवा पेटलेला राहिला. त्याच्याशेजारी बारीक अक्षरांत मेमरीचे नाव होते.

मुलगा लगेच आत हात घालणार, तोच आबांनी मनगट धरले. आधी मागचे बटण बंद. मग भिंतीतला प्लग बाहेर. मग दोन मिनिटे थांबायचे. मग कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा. छत्तीसगडात हिवाळ्याची हवा कोरडी असते. स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात. त्या माणसाला गुदगुल्यांसारख्या वाटल्या तरी चिपला जड जातात. आणि पॉवर सप्लायचा डबा काही झाले तरी उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर काही काळ वीज धरून ठेवतात. हे आबांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"प्रोसेसर पुन्हा एकदा काढून पाहू का?" मुलाने विचारले.

"त्याच्या नावाचा दिवा पेटला आहे का?"

"नाही."

"मग त्याला हात नाही लावायचा."

हे बरे झाले. आजच्या बहुतेक नव्या मदरबोर्डांत प्रोसेसरखालच्या जागेत सतराशेच्या वर केसासारख्या नाजूक तारा उभ्या असतात. प्रोसेसर हातातून निसटला किंवा बोट नुसते फिरले, तरी दोन-चार वाकतात. मग बोर्ड खरोखरच बाद होतो आणि वाकलेल्या तारा पाहून तो परत घ्यायलाही कोणी तयार होत नाही. दोनदा वाचला होता. तिसऱ्यांदा वाचलाच असता असे नाही. पुष्कळ नव्या मशीन बिघाडाने मरत नाहीत, बिघाड शोधणाऱ्या हातांनी मरतात.

मग आबांनी कारखान्यातली रीत लावली. ज्याच्याशिवाय चालते ते सगळे बाजूला. डिस्क काढली, दोनपैकी एक मेमरी काढली, समोरच्या बटणांखेरीज बाकी किरकोळ वायरी काढल्या. विजेची मोठी चोवीस टोकांची जोडणी उपटून पुन्हा "कट्" आवाज येईपर्यंत दाबली. प्रोसेसरजवळची आठ टोकांची वेगळी जोडणी तशीच पाहिली. नवशिके हिलाच हमखास विसरतात, आणि ती नसली तरी पंखे खुशाल फिरतात. इथे ती नीट होती. रजिस्टरात "ठीक" अशी नोंद झाली. ठीक असलेले लिहायचे कशाला, असे मुलाच्या चेहऱ्यावर उमटले. पण त्याने लिहिले.

एव्हाना वडीलही दाराशी येऊन उभे होते. त्यांना त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतले आठवले. नव्वदीच्या दशकात दिल्लीचे नेहरू प्लेस किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथून आलेल्या भागांचे कॉम्प्युटर गावोगावी जोडले जात. पडदा काळा राहिला की मेकॅनिक खिशातून खोडरबर काढी, मेमरीचे सोनेरी दात घासून परत बसवी, आणि निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होई.

"रबर देऊ का, बाबा?" त्यांनी विचारले.

"पावसाळ्यात दोन वर्षं काढलेल्या मालाला रबर ठीक आहे. हा तर काल खोक्यातून निघाला. तू असं कर, टॉर्च धर."

वडिलांनी टॉर्च धरला. आबांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळा मेमरीच्या रेषेत आणला आणि बराच वेळ पाहत राहिले. पूर्वी मेमरीच्या खाचेला दोन्ही टोकांना कडी असे. पट्टी नीट बसली की दोन्ही कड्या आपोआप मिटत. अलीकडे पुष्कळ बोर्डांवर कडी एकाच टोकाला असते. ती मिटली की काम झाले असे वाटते. इथे वरचे टोक बसले होते. खालच्या टोकाला सोनेरी रेघ नखाच्या जाडीएवढी उघडी होती. रात्री तीनदा काढून तीनदा घातलेली मेमरी तिन्ही वेळा अर्धवटच बसली होती, कारण तिन्ही वेळा दाबणारा हात तोच आणि भीतीही तीच: बोर्ड मोडला तर?

"दाब. मी आहे," आबा म्हणाले. मुलाने खालच्या टोकावर अंगठा ठेवून दाबले. बोर्ड किंचित वाकला, "कट्" झाले. नोंद झाली.

प्लग लावला, बटण दाबले. मेमरीचा दिवा पुन्हा पेटला. दहा सेकंद, वीस, चाळीस. पडदा काळा.

"नाहीच झालं," म्हणत मुलाने बटणाकडे हात नेला.

"थांब जरा. पुस्तकात काय लिहिलं आहे?"

या घडीच्या नव्या जातीच्या मेमरीचे, म्हणजे डीडीआर ५ चे, एक वैशिष्ट्य आहे. पहिल्यांदा चालू होताना बोर्ड तिच्याशी आपला वेग आणि वेळ जुळवून घेतो आणि त्याला काही वेळा कित्येक मिनिटे लागतात. तेवढा वेळ पडद्यावर काहीही दिसत नाही. घाबरून कोणी मध्येच वीज बंद केली तर ती जुळणी पुन्हा पहिल्यापासून. सून चहा घेऊन आली आणि चौघेही एका पिवळ्या ठिपक्याकडे पाहत उभे राहिले. तिसऱ्या मिनिटाला तो विझला. डिस्प्लेचा दिवा क्षणभर लागला, विझला. शेवटचा, बूटचा, लागला आणि लागून राहिला.

पडदा अजून काळाच होता. मुलाचे खांदे पडले. आबा मात्र खूश!

"अरे, दिवा पुढं सरकला ना! डिस्क आपणच काढली आहे, म्हणून तो शेवटचा लागणारच. बाकी सगळे पास झाले. आता चित्र तयार होऊन कुठं तरी जात आहे. आपण भलत्याच दारात उभे आहोत. केबल कुठं लावली?"

केबल मदरबोर्डाच्या भोकात होती. मुलाने प्रोसेसरचे रिकामे खोके उचलून आकड्यांनंतरचे अक्षर वाचले आणि कपाळावर हात मारला. शेवटी "एफ" असलेल्या प्रोसेसरांत चित्र काढणारा भागच नसतो. त्यामुळे ते थोडे स्वस्त मिळतात, पण चित्र मग फक्त ग्राफिक्स कार्डातूनच येते. बोर्डावरचे ते भोक दुसऱ्या प्रोसेसरांसाठी. याच्यापुरते ते भिंतीवर रंगवलेले दार.

"पण आबा, रात्री सुरुवातीला मी ती कार्डालाच लावली होती. काही झालं नाही, म्हणून तर काढली!"

खरी मेख इथे होती. मशीनमध्ये एकच चूक आहे असे मुलगा धरून चालला होता. सुरुवातीला केबल बरोबर होती, पण मेमरी अर्धवट. केबलने फरक पडेना म्हणून त्याने बरोबर असलेली केबल चुकीची केली. त्यानंतर समजा रात्री एखाद्या वेळी मेमरी नीट बसलीही असती, तरी पडदा काळाच राहिला असता आणि त्याने तीही उपटली असती. एकावर एक दोन बिघाड बसले की ते एकमेकांना झाकतात. खालचा दुरुस्त करावा तर वरचा दिसू देत नाही. वरचा दुरुस्त करावा तर खालचा दाद देत नाही. माणसाला वाटते, उपाय चुकला. आणि तो बरोबर केलेली गोष्ट मोडून पुढे जातो. आबांनी सांगितले की मिलमध्ये सगळ्यांत लांबलेल्या दुरुस्त्या अशाच असत. मोठा भाग जळालेला फारसा नसेच, दोन क्षुल्लक गोष्टी एका वेळी सुटलेल्या असत. फरक पडला नाही म्हणून बरोबर केलेले काम मोडायचे नाही. लिहून ठेवायचे आणि पुढे सरकायचे.

केबल कार्डाला लागली. मॉनिटर जागा झाला आणि पडद्यावर अक्षरांचे एक साधे पान उभे राहिले. त्यात प्रोसेसरचे नाव होते, मेमरीचा आकडा होता, आणि डिस्क सापडत नाही अशी तक्रार होती. मुलगा काही बोलला नाही. वडिलांनी टॉर्च बंद केला आणि त्या पानावरचे सगळे मोठ्याने वाचून काढले, जणू निकाल वाचत आहेत. मग मोबाईल काढून परतीचा फॉर्म रद्द केला.

यानेही दिवा सरकला नसता तर? तर बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवून पाहायचा, असे आबांनी ठरवले होते. कधी कधी कॅबिनेटमधली जादा पितळी खुंटी बोर्डाला खालून टेकते आणि सगळे थंड पडते. किंवा बोर्ड जुन्या साठ्यातला असतो आणि नंतर निघालेला प्रोसेसर त्याला ओळखूच येत नाही. मग त्याच्या आतला प्रोग्राम आधी नवा करून घ्यावा लागतो. परतीचा फॉर्म त्यानंतर.

त्यांनी काढलेले भाग एकेक करून परत बसवले आणि प्रत्येक भागानंतर मशीन एकदा चालू करून पाहिली. दुसरी मेमरी लावल्यावर पुन्हा काही मिनिटे काळा पडदा आला. या वेळी कोणी घाबरले नाही. डिस्क लागली. रोषणाईची वायर लावायची की नाही यावर थोडी चर्चा झाली. ती सुनेच्या मताने लावली गेली.

पडद्यावरच्या पानात तारीख चुकीची होती. बॅटरी काढल्यामुळे घड्याळ विसरले होते. मुलाने कीबोर्ड आबांसमोर सरकवला. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहून एकेका बोटाने तारीख घातली, वेळ घातली. मग रजिस्टर ओढून लिहिले: "१०.५०. मेमरी खालच्या टोकाला सुटलेली. केबल चुकीच्या जागी. बाकी ठीक. मशीन चालू." खाली रेघ मारली आणि सही करायला पेन नातवाच्या हातात दिले.